शेटची बोट मंडणगडला जात नाही

रविवारी सकाळी शेट कट्ट्यावर आला तो मोबाइल नाचवतच. आमचा शेट म्हणजे कुणी शेटबिट नव्हे, बँकेतून निवृत्त झालेला साधा डोंबिवलीकर. पण मोठी गाडी घेतल्यापासून बसण्याआधी चावी कठड्यावर आपटतो, म्हणून शेट.

"भाऊच्या धक्क्यावरून सुटायचं, तीन तासांत जयगड, पाच तासांत विजयदुर्ग! गाडी खाली, आपण वर एसीत. यंदा गणपतीला मी मुंबई-गोवा हायवेचं तोंडसुद्धा बघणार नाही."

माणसांसकट गाड्या नेणाऱ्या या रो-रो बोटीची बातमी सगळ्यांनीच वाचली होती, त्यामुळे कुणाच्या हातचा चहा हिंदकळला नाही. मालवणच्या बाबलने शांतपणे ग्लास खाली ठेवला.

"शेट, तुझो गाव खंय?"

"मंडणगड. पस्तीस वर्षं ओळखतोस ना मला?"

"माका म्हायत आसा रे. त्या बोटीक म्हायत आसा काय?"

शेटला कळायला वेळ लागला. बाबलने कठड्यावर बोटाने नकाशाच काढला. "जयगडला उतरलास तर मंडणगड तुझ्या मागे राहिलं. म्हणजे मुंबईच्या दिशेने परत. जयगडहून तवसाळला जायला फेरीबोट. मग गुहागर. मग धोपावे, तिथून दाभोळला आणखी एक फेरीबोट. मग दापोली, मग मंडणगड. एका बोटीतून उतरून दोन बोटी! आणि विजयदुर्गला उतरलास तर सरळ माझ्याकडे मालवणात ये. गणपती आमच्याकडेच बसव."

"मी मांडव्याच्या रो-रोने जाईन मग," शेट म्हणाला. हा माणूस हरत नाही, नुसता वळतो.

"जा की. मांडवा, अलिबाग, मुरूड. आगरदांड्याला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत बस, दिघीला उतर. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला. तिथून पुन्हा बोटीने वेश्वी. चांगला रस्ता आहे, समुद्रही दिसतो. पण मग बोटी तीन झाल्या. तुला एका बोटीत काय होतं ते माहीत आहे आम्हाला."

इथे सगळे हसले. नव्वदच्या दशकात आम्ही चौघे मुंबई-गोवा कॅटमरानने गेलो होतो. शेट मुरूडच्या आधीच आडवा झाला, तो पणजीला उभा राहिला. त्या प्रवासात बाबलने त्याच्यासाठी लिंबू, सोडा आणि गोळ्या घेतल्या. त्याचे ऐंशी रुपये अजून यायचे आहेत, असं बाबलचं म्हणणं. शेटच्या मते ते मैत्रीत होते.

तेवढ्यात नाना जागे झाले. "कुठली रो-रो? कोलाडची की धक्क्याची?"

"धक्क्याची, नाना," मी सांगितलं. "कोलाडची ती रेल्वेची. मोटार मालगाडीच्या वाघिणीवर चढवायची आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायची. २०२५च्या गणपतीत सात हजार आठशे पंच्याहत्तर रुपये लावले होते."

"पण कोलाडपर्यंत गाडी कोण नेणार?" शुभाने विचारलं. ती कमी बोलते, पण पेपर तपासल्यासारखं बोलते. "पनवेल ते कोलाड हाच तर खड्ड्यांचा राजा. २०११ पासून चाललंय ते चौपदरीकरण. तो सगळा भोगून झाल्यावर गाडीला रेल्वेत बसवायचं?"

मी हसू दाबलं. शेटकडे बघणं टाळलं, कारण त्या कोलाडच्या योजनेची बातमी त्यानेच आमच्या ग्रुपवर तीनदा टाकली होती.

"मग रेल्वेनेच जा ना," शुभा म्हणाली.

"रेल्वेने समुद्र कुठे दिसतो?" हे मात्र शेटने बरोबर धरलं. रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत खिडकीला नाक लावून बसलात तरी खाड्या दिसतात, समुद्र नाही. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तर खिडकीत फक्त आपलंच तोंड दिसतं. वीरपर्यंत दुहेरी मार्ग झाला, पुढे बहुतेक एकेरीच. त्यामुळे आपली गाडी आडबाजूच्या स्टेशनात क्रॉसिंगला थांबते आणि समोरून कोण येतंय याची अख्खा डबा वाट बघतो. तरी कोकण रेल्वेसाठी झटलेल्या मधू दंडवत्यांच्या नावाने बाबल कानाला हात लावतो. १९९८ पूर्वी मालवणला जायचं म्हणजे काय होतं, ते त्याच्या कमरेला माहीत आहे.

मी इथे माझा मुद्दा घुसवला. रेल्वे असो वा बोट, उतरल्यावर पुढे काय? कुडाळ स्टेशनापासून मालवण तीसेक किलोमीटर, खेडपासून दापोलीही जवळपास तेवढीच. मागे मी एका स्टेशनात रात्री उतरलो. गाडी दोन तास उशिरा, शेवटची बस निघून गेलेली, आणि बाहेर एकच रिक्षावाला. त्याने माझ्याकडे जसं पाहिलं तसं लग्नात बायकोनेही पाहिलं नव्हतं. आठशे रुपये गेले.

"तुझी ही रिक्षा आम्ही दर गणपतीला ऐकतो," शेट म्हणाला. "आणि दर वर्षी भाडं शंभराने वाढतं."

खोटं नाही. मागच्या वर्षी मी सातशे सांगितले होते.

नाना मात्र माझ्या बाजूने उभे राहिले. "आमच्या वेळी आगबोट बंदरात यायची नाही, लांब उभी राहायची. मग पडाव, म्हणजे होडी. पोरांना खलाशी उचलून पडावात टाकायचे, गाठोड्यासारखे. पण धक्क्यावर बैलगाड्या जुंपून तयार असायच्या. बोट दिसली की बैल उठायचे." थोडं थांबून म्हणाले, "पावसाळ्यात लांबची बोट बंदच, जवळची तेवढी चालायची. माझ्या जन्माच्या वर्षी, १९४७ साली, १७ जुलैला रेवसजवळ रामदास बोट बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. आई शेवटपर्यंत आषाढात बोटीत चढली नाही."

क्षणभर कुणी बोललं नाही.

"नारळी पौर्णिमेनंतर गणपती किती दिवसांनी येतात?" बाबलने हळूच विचारलं. "एकोणीसेक. दर्या तेवढ्यात शेटसाठी गादी होतो काय? बोट ऑक्टोबरपासून मस्त चालेल. पण आम्हाला घरी जायचंय भाद्रपदात."

"तू कायम निगेटिव्ह!" शेट उसळला. "जाहीर केलेलं तिकीट अडीच हजार आहे, फार नाही!"

"अडीच हजारात मी एसटीने सहकुटुंब जाऊन परत येईन," शुभा म्हणाली. "मला अर्धं तिकीट आहे."

"मला तर फुकट," नाना म्हणाले. पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून हे वाक्य ते मासे घेतानाही म्हणतात.

"लालडब्यात कंबर मोडते!"

"मोडू दे. वस्तीची गाडी निदान गावात झोपते. तुझी बोट झोपणार विजयदुर्गला!"

तेवढ्यात शेटचा फोन वाजला. शेटला कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"अहो, मंडणगडच्या एसटीची दोन तिकिटं काढली. माझं अर्धं, तुमचं पूर्ण. आणि ती गाडी दिवाळीपर्यंत हलवू नका, हप्ता भरायचाय."

हसून हसून बाबलला ठसका लागला. शेटने मुकाट्याने शंभराची नोट काढून चहावाल्यापुढे धरली. चहाचे वीस कापून चहावाल्याने ऐंशी परत केले, ते मध्येच बाबलने उचलून खिशात टाकले.

"कॅटमरानचे," तो म्हणाला.

"व्याज?" नानांनी विचारलं.