इंजिनात जो स्क्रूच नाही, तो आवळल्याचे पैसे

ज्या कोल्हापुरात उद्यमनगरातले कारागीर लेथवर मायक्रॉनचा हिशेब ठेवतात, त्याच गावात गाडीच्या टॅपेटचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतल्या भागाचा, आवाज कान देऊन ऐकणारा मिस्त्री मिळू नये, याचा मला मनस्वी संताप येतो. माझ्या रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 चे इंजिन जुन्या युसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेल्या) बनावटीचे आहे आणि त्यात हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे, टॅपेट आहेत. त्यात फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून गॅप मोजायची आणि स्क्रू फिरवून नट आवळायचा, हा प्रकारच नाही. ऑइलच्या जोरावर टॅपेटच्या आतला प्लंजर (छोटा दट्ट्या) सरकतो आणि फट आपोआप भरून निघते. तरीही सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘टॅपेट सेटिंग’ अशी ठसठशीत ओळ लिहून तिचे वेगळे पैसे लावले! इंजिनाच्या डोक्यावरच्या रॉकर कव्हरच्या बोल्टांवरची धूळसुद्धा हललेली नव्हती. जाब विचारला तर उत्तर तयारच होते, “बुलेट हाय साहेब, वाजणारच की ओ.” वाजणारच होती, तर पैसे कशाचे घेतलेत?

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी काही सेकंद टकटकली, तर त्यात काही बिघडलेले नसते, कारण टॅपेटमधले ऑइल उतरलेले असते. पण इंजिन चांगले तापल्यावरही टकटक कायम राहिली, तर आधी ऑइलची पातळी बघावी, ते 15डब्ल्यू-50 या जाडीचे आहे की नाही याची खात्री करावी, फिल्टर बदलावा आणि मग लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर ठेवून मूठ कानाला लावावी, म्हणजे आवाज वरून येतो की खालून, हे कळते. सायलेन्सरच्या बेंडची गॅस्केट फुंकत असली तरी हुबेहूब टॅपेटसारखाच आवाज येतो, हे या मंडळींना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. फक्त वाकून बघायचा कंटाळा. त्याऐवजी सल्ला काय, तर “जाड ऑइल टाका, आवाज बसतोय.” जाड ऑइल गार इंजिनात वर चढायला आणखी वेळ लावते आणि तेवढा वेळ व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर कोरडे घासतात, त्याचे काय?

एवढे करूनही आवाज गेला नाही, तरच टॅपेट बाहेर काढावेत. ऑइलने भरलेल्या चांगल्या टॅपेटचा प्लंजर अंगठ्याने दाबला तर दगडासारखा लागतो. तो मऊ दबला, तर आत हवा किंवा कचरा आहे, नाहीतर टॅपेट झिजला आहे. साफ करून, ऑइलमध्ये बुडवून हवा काढल्यावरही तो दबत असेल, तर बदलावा.

हे सगळे मी दुसऱ्या गॅरेजात शांतपणे समजावून सांगितले आणि आधी नुसता आवाज ऐका, अशी विनंती केली. त्या गृहस्थांनी गाडीला किल्लीसुद्धा न लावता बोअर-पिस्टनचा खर्च सांगितला.