'500 वर्षांत फक्त 900 जाती': न मोजलेल्या गोगलगायींचा हिशेब

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्यात म्हटलेलं असतं, की जगात नोंद झालेल्या जाती 20 लाख आणि गेल्या 500 वर्षांत नामशेष झालेल्या जेमतेम 900, म्हणजे 0.04 टक्के. नामशेष होणं नैसर्गिकच आहे, डायनासोरही गेले. शिवाय दरवर्षी हजारो नव्या जाती सापडतात. चार गोगलगायी नि किडे गेले तर कुणाचं काय अडतं? 'सहावा महाविनाश', म्हणजे पूर्वीच्या पाच महाविनाशांसारख्या जातींच्या सामूहिक नाशाची गोष्ट, ही निव्वळ थाप आहे.

निसर्गावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसांनीही मला हा मजकूर पाठवला आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी 900 चा आकडा. तो खोटा नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या आणि नामशेष जातींच्या यादीत, नामशेष म्हणून साधारण तेवढ्याच जाती आहेत. खोट आहे भागाकारात. वर 900 लिहून खाली 20 लाख लिहिले, पण त्या 20 लाखांची तपासणी झालेलीच नाही. दोन गावांत साथीची पाहणी करायची, सापडलेल्या रुग्णांना अख्ख्या जिल्ह्याच्या लोकसंख्येनं भागायचं आणि जिल्हा ठणठणीत आहे म्हणून सांगायचं, तसा हा हिशेब आहे. कीटकांच्या नोंदवलेल्या जाती 10 लाखांच्या घरात आहेत आणि त्यांतल्या दोन टक्केसुद्धा तपासून झालेल्या नाहीत. ज्याची तपासणी नाही, तो या मजकुरात आपोआप जिवंत धरला जातो.

पक्ष्यांची मात्र जवळपास प्रत्येक जात तपासली गेली आहे. साधारण 11,000 जाती, आणि सन 1500 पासून त्यांतल्या दीडशेहून जास्त गेल्या. म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास, 0.04 च्या तीसपटीहून अधिक. जिथे नीट मोजलं तिथेच आकडा असा फुगतो, ही एक गोष्टसुद्धा त्या मजकुराला पुरून उरते.

पण खरा पुरावा गोगलगायींचा आहे. हवाई विद्यापीठातले उत्क्रांती-जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कावी आणि पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयातले त्यांचे सहकारी यांनी हवाई बेटांवरचं अमॅस्ट्रिडी हे एकच कुळ हातात घेतलं. जाती 325, सगळ्या फक्त त्याच बेटांवरच्या. रेड लिस्टमध्ये त्यांतल्या 33 नामशेष. संग्रहालयांतले जुने शंख कुठून आणि केव्हा गोळा केले याच्या नोंदी त्यांनी काढल्या, अलीकडच्या पाहण्यांशी त्या ताडून पाहिल्या आणि ते डोंगर पायाखाली घातलेल्या जाणकारांचं मत घेतलं. 43 जाती मुळात जीवाश्मांवरूनच ठाऊक होत्या. उरलेल्या 282 पैकी 88 गेल्याचं त्यांनी ठरवलं. जिवंत असल्याची खात्री फक्त 15 जातींची देता आली. बाकीच्या 179 जातींबद्दल पुरेसा पुरावा नाही, पण त्यांतल्याही बहुतेक संपल्या असाव्यात असं ते लिहितात. हे 179 वाचून मी बराच वेळ पुढे सरकलो नव्हतो. नामशेष म्हणायला शेवटचा जीव मेल्याबद्दल शंका उरता कामा नये, हा रेड लिस्टचा नियम वाघाला किंवा गिधाडाला ठीक आहे. पाचोळ्यात राहणाऱ्या गोगलगायीचा तेवढा शोध घेतो कोण?

2015 साली याच गटानं जगभरातून 200 भूचर गोगलगायी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तपासल्या आणि त्यावरून अंदाज मांडला, की सगळ्या जीवांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे 7 टक्के आपण गमावल्या असाव्यात. 2022 मध्ये कावी, फिलिप बूशे आणि बेनॉ फाँतेन यांनी तो 7.5 ते 13 टक्के, म्हणजे दीड ते 2.6 लाख जाती, असा सुधारला. हा अंदाज धाडसी असल्याचं त्यांनीच स्पष्ट म्हटलं आहे. बेटांवरचा ऱ्हास खंडांपेक्षा फार जास्त आहे आणि समुद्रात अजून तशी अवस्था आलेली नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे. म्हणून 13 टक्के हा आकडाही कुणी काळ्या दगडावरची रेघ म्हणून पुढे पाठवू नये. पण खालच्या अंदाजाचा दहावा भाग धरला, तरी तो 0.04 च्या अठरापटीहून जास्त भरतो.

नामशेष होणं नैसर्गिक आहे, हे खरं. प्रश्न वेगाचा आहे. अमॅस्ट्रिडी कुळात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून दर दहा वर्षांना सरासरी 5 टक्के जाती गेल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या वेगाला नैसर्गिक म्हणता येत नाही.

नव्या जाती सापडतात, हेही खरं. पण सापडणं म्हणजे जन्मणं नव्हे. आंबोलीच्या जंगलातली 'वरदिया आंबोलिएन्सिस' ही अर्धवट शंखाची गोगलगाय 2021 मध्ये शास्त्राला कळली. तिच्या 'वरदिया' या वंशाचं नाव सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्यावरून ठेवलं आहे. ती त्या पावसात कितीतरी आधीपासून राहत होती, आपल्याकडे फक्त तिची नोंद नव्हती. उलट फ्रेंच पॉलिनेशियातल्या गँबियर बेटांवर गोगलगायींच्या अशा जाती निघाल्या, ज्या नाव मिळण्याआधीच नामशेष झाल्या होत्या. हाती आले ते फक्त रिकामे शंख.

आता 'चार गोगलगायी गेल्या तर काय'. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनी रातोरात फस्त केली. दुबार पेरणी करावी लागलेल्या शेतकऱ्याचा राग मला पूर्ण मान्य आहे. पण पिकांवर तुटून पडणारी जी मोठी शंखी गोगलगाय आपण ओळखतो, ती मूळची आफ्रिकेची. 1847 मध्ये ती मॉरिशसहून कोलकात्यात आणून सोडली गेली. हीच गोगलगाय पॅसिफिक बेटांवर पोचली, तेव्हा तिला खायला म्हणून दुसरी शिकारी गोगलगाय आणली गेली, हवाईत 1955 मध्ये आणि मोरेआ बेटावर 1977 मध्ये. तिनं स्थानिक गोगलगायींवर ताव मारला. मोरेआवर पार्टुला वंशाच्या सात जाती होत्या. उत्क्रांती कशी घडते हे समजून घेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अभ्यासल्या गेलेल्या या गोगलगायी दहा वर्षांत रानातून पुसल्या गेल्या. प्राणिसंग्रहालयांत वाचवलेल्या काही पार्टुला 2015 पासून फ्रेंच पॉलिनेशियात परत सोडल्या जात आहेत, पण सगळ्या वाचल्या नाहीत. सगळ्या गोगलगायी एकाच मापानं मोजल्या की हे असं होतं. त्यापेक्षा गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाशी पसरून सकाळी खाली जमलेल्या शंखी वेचणारा आपला शेतकरी जास्त नेमकं काम करतो.

आणि अडतं काय, याचं उत्तर नेदरलँड्सच्या जंगलात मिळालं आहे. तिथे आम्लयुक्त पावसानं मातीतला चुना कमी झाला आणि गोगलगायी घटल्या. मग अंड्याच्या कवचासाठी लागणारा चुना गोगलगायींच्या शंखांतून मिळवणाऱ्या ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याची अंडी पातळ कवचाची, सच्छिद्र निघू लागली, काही माद्यांना कवच असलेली अंडीच घालता येईनात. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संशोधकांनी त्या माद्यांना गोगलगायींचे शंख आणि कोंबडीच्या अंड्यांची टरफलं पुरवली, तेव्हा अंड्यांतले दोष कमी झाले.