पद्यावली म्हणजे रद्दी नव्हे हो!

1910 साली सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना बोलावून जिथे ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्या बडोद्यात संगीत नाटकाची जुनी पद्यावली, म्हणजे नाटकातल्या पदांची चोपडी, मागून बघा. उत्तर ठरलेलं: "काका, ते पुस्तक नाही, किरकोळ आहे." किरकोळ म्हणजे कपाटावर सुतळीने आवळलेला गठ्ठा. ग्रंथालयाच्या नोंदवहीतला दाखल क्रमांक नाही, म्हणजे उद्या गहाळ झाला तरी बोंब मारायला जागा नाही!

अहो, बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला याच बडोदा संस्थानाचा राजाश्रय होता. खेळाच्या वेळी विकल्या जाणाऱ्या त्या पातळ चोपड्यांत पदं, राग, ताल, कुठल्या चालीवर, सगळं असे, मलपृष्ठावर जाहिरातीसुद्धा. जाडजूड ग्रंथांत हे शोधत बसा आता.

कागद मुळात स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. आम्लाने तांबूस होतो, कडेने भुगा पडतो, पिना गंजून भोकं पाडतात. त्यात कुणी उत्साही निघालाच, तर सेलोटेप! नाहीतर थेट लॅमिनेशन. ते पुन्हा सुटत नाही म्हटलं, तर म्हणे, "पण चकाचक दिसतंय ना?" आम्लविरहित कागदाचं पाकीट मागितलं की मात्र बजेट नाही. सत्कार समारंभांच्या स्मरणिका तेवढ्या काचेच्या कपाटात, त्याही तीन-तीन प्रती.