आम्ही त्याला थायरॉईड म्हणतो

आमच्या शाळेत सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीताची मला भीती नाही, ते ५२ सेकंदांत संपतं. धोका असतो प्रतिज्ञेला. हात समोर धरायचा हे ठरलेलं आहे, डोळे उघडे ठेवायचे असं कुठेही लिहिलेलं नाही. त्या सोमवारी प्रतिज्ञा संपली, सुविचार झाला, दिनविशेष झाला आणि अख्ख्या मैदानात हात समोर धरून मी एकटी उरले. शेजारी उभ्या असलेल्या मराठीच्या बाईंनी तो हात हळूच खाली घेतला, पाऊस आल्यावर खिडकी ओढून घ्यावी तसा. पोरांना वाटलं, गणिताच्या बाईंचं देशावर जरा जास्तच प्रेम आहे.

प्रेम वगैरे काही नव्हतं. आदल्या रात्री साडेदहाला घेतलेलं अर्ध्या गोळीचं मिर्टाझापिन होतं, म्हणजे नैराश्यावरचं औषध.

ही गोळी मला साताऱ्यातल्याच एका मानसोपचारतज्ज्ञांनी दिली. त्याआधी सात-आठ महिने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तेव्हा झोपेचा प्रश्न अगदी उलटा होता. रात्री दहाला डोळा लागायचा आणि पहाटे तीनच्या सुमाराला टक्क उघडायचा. तीन वाजता साताऱ्यात काहीही होत नाही. कुत्रीसुद्धा गप्प असतात. त्या शांततेत मी आयुष्यात केलेल्या चुकांची उजळणी करायचे. १९९८ मध्ये एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले नव्हते, तिथपासून सुरुवात. साडेपाचला दूधवाल्याची बेल वाजली की वाटायचं, सुटले. पुढे दूधवाल्याच्या बेलनंही सुटल्यासारखं वाटेना, तेव्हा नवऱ्यानं मला गाडीवर बसवलं आणि डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की मेंदूत हिस्टामिन नावाचं एक रसायन असतं, ते आपल्याला जागं ठेवतं. सर्दीची जुन्या पद्धतीची गोळी खाल्ली की गुंगी येते ती या हिस्टामिनवर झाकण बसल्यामुळे. तुमची ही गोळीही ते झाकण बसवते. सुरुवातीला सकाळी जरा जड वाटेल.

नवऱ्यानं विचारलं, "म्हणजे हिला आता सर्दीपण होणार नाही?"

डॉक्टर हसले नाहीत. मीही हसले नाही, पण पुष्कळ महिन्यांनी हसावंसं वाटलं होतं, हे मला गाडीवर बसल्यावर लक्षात आलं.

पुढे मधल्या सुट्टीत मोबाईलवर वाचत बसले तर कळलं, की हे नातं जुनं आहे. १९५२ साली पॅरिसमध्ये मनोविकारांवर ज्या क्लोरप्रोमाझिननं क्रांती केली, ते औषध अँटीहिस्टामिनच्याच, म्हणजे हिस्टामिनवर झाकण बसवणाऱ्या औषधांच्याच, संशोधनातून निघालं होतं. म्हणजे वेड आणि शिंक यांचे कुलदैवत एकच. ही माहिती मला फार आवडली. कोणाला सांगावी हे मात्र कळेना.

"जरा जड" या शब्दांबद्दल डॉक्टरांशी माझे मतभेद आहेत. जरा जड म्हणजे श्रीखंड-पुरी खाल्ल्यावर होतं ते. सकाळी सव्वापाचला माझं जे होतं, ते म्हणजे भिजलेली गोधडी दोरीवरून काढून पुन्हा माझ्यावरच टाकावी तसं. हात आपला आहे हे आठवतं, पण तो कुठे ठेवला होता ते आठवत नाही.

मी एकूण चार गजर लावले. पहिला उशाशी. तो मी झोपेतच बंद करायचे, त्याची माझी ओळखसुद्धा नाही. दुसरा स्वयंपाकघरात, स्टीलच्या पातेल्यात फोन ठेवून, म्हणजे आवाज घुमतो. तो असा घुमला, की सासूबाई उठल्या, पातेल्यातून फोन काढून त्यांनी तांदळाच्या डब्यात खुपसला आणि पुन्हा जाऊन झोपल्या. तिसरा मुलाच्या फोनमध्ये. बारावीतल्या मुलावर सकाळी पाचला विसंबणं हा ज्याचा त्याचा आशावाद. चौथा गजर त्यानंच डाउनलोड करून दिला. त्यात गणित सोडवल्याशिवाय गजर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मी सात वाजता उठले. फोन बघितला तर ३७ गुणिले ८ बरोबर २९६ असं उत्तर ५ वाजून १५ मिनिटं आणि ९ सेकंदांनी देऊन मी पुन्हा झोपले होते. तेवीस वर्षांच्या नोकरीनं असा घात केला.

गोळी सुरू झाल्यावर काही दिवस सकाळी गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे नवरा मला शाळेत सोडायला लागला. मी मागे बसते. घरापासून पोवई नाक्यापर्यंत मी ताठ असते. त्यानंतर माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर टक्कन आपटतं. मग पुन्हा टक्. स्पीडब्रेकरला टकटक. पहिल्या आठवड्यात तो दर वेळी "काय गं?" म्हणून मागे बघायचा. आता बघत नाही. उलट बराच वेळ टक् झालं नाही, तर गाडी हळू करतो आणि मी पडले की काय ते चाचपतो. थंडीत अजिंक्यताऱ्यावर धुकं उतरलेलं असतं, फार सुंदर दिसतं म्हणतात.

पहिला तास नववी ब. भाग दोन, समांतर रेषा. फळ्यावर मी एक रेषा ओढली, पट्टी सरकवली, दुसरी ओढायला घेतली. रेषा निम्म्यात आली आणि माझे डोळे मिटले. अगदी दोन सेकंद असतील. खडू मात्र थांबला नाही, तो उताराला लागला. मागून चाळीस पोरांचा दबलेला आवाज आला, "बाई, भेटल्या!"

युक्लिडपासून आजवर जे कोणाला जमलं नाही, ते साताऱ्यात एका खडूनं करून दाखवलं. मी वळले आणि म्हटलं, "शाब्बास. आता सांगा, मी कुठे चुकले?" शिक्षकी पेशात हे एक वाक्य पाठ असलं, की निवृत्तीपर्यंत चिंता नसते.

या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा आहे, तो पहाटे साडेचारला उठून पेपर टाकतो आणि माझ्या तासाला झोपतो. पूर्वी मी त्याला खडू मारून उठवायचे. समांतर रेषांच्या दिवसापासून आमच्यात एक अलिखित करार झाला. मुख्याध्यापक व्हरांड्यातून यायला लागले, की तो कंपासपेटी खाली पाडतो. त्याबद्दल मी त्याला खडू मारत नाही. करार उत्तम चालला आहे, फक्त आम्ही दोघं एकाच वेळी झोपू नये एवढी काळजी घ्यावी लागते.

मधे वर्तमानपत्रात वाचलं होतं, की तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलायला सांगितलं. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाचा निर्णयही निघाला. मी चष्मा लावून वाचला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर. नववीचा उल्लेख नाही. मी प्राथमिकला बदली मिळेल का, याची चौकशीही केली. पण पाढे शिकवायला जास्त जागं राहावं लागतं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

आता मुद्द्यावर येते. झोप येते हे लोकांना दिसतं, पण का येते हे सांगायचं कसं? आमच्या स्टाफरूममध्ये गोळ्यांची चर्चा साड्यांसारखी होते. कोणाची बीपीची, कोणाची शुगरची, डब्याशेजारी पाकिटं मांडलेली असतात, "माझी बघा, अर्ध्या तासात फरक" असं कौतुकानं सांगितलं जातं. माझं पाकीट मी पर्सच्या आतल्या कप्प्यातल्या जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवते. औषधाच्या दुकानातला मुलगाही इतर वेळी "काकू, अमुक गोळी संपलीय, उद्या येईल" असं रस्त्यापर्यंत ओरडतो. माझं प्रिस्क्रिप्शन बघितलं, की कुजबुजतो. त्या कुजबुजण्यानं शेजारचे दोन जण हमखास वळून बघतात.

म्हणून एक दिवस शास्त्राच्या बाईंनी "हल्ली फार मलूल दिसता हो" म्हटल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "थायरॉईड आहे."

थायरॉईडला समाजात काय मान आहे म्हणून सांगू! तेवढ्यात चार जणींनी खुर्च्या जवळ ओढल्या. चित्रकलेच्या सरांनी वहिनींच्या थायरॉईडची हकिकत सांगितली. मला डब्यातलं लोणचं मिळालं. फक्त शास्त्राच्या बाईंनी विचारलं, "किती पॉवरची?" मी म्हटलं, "पंधरा." त्या म्हणाल्या, "पंधरा? मला तर पंच्याहत्तर आहे. बरोबर उपाशीपोटी घेता ना, सकाळी उठल्या उठल्या?"

मी म्हटलं, "नाही, रात्री झोपताना."

स्टाफरूममध्ये शांतता पसरली. शास्त्राच्या बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू मी वर्तुळाला कोपरा काढला होता. घंटा झाली म्हणून वाचले.

घरी येऊन ठरवलं, हे सगळं या गोळीमुळे. शनिवारी रात्री गोळी घेतलीच नाही. रविवार असल्यामुळे दुसऱ्या दिवशी काय व्हायचं ते होऊ दे म्हटलं. आणि व्हायचं ते दोन पन्नासला झालं. टक्क डोळे. तीच कुत्र्यांशिवायची शांतता. १९९८ चं लग्न. मी उठून स्वयंपाकघरात जाऊन बसले. थोड्या वेळानं सासूबाई आल्या, दिवा न लावता समोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "घेतली नाहीस ना आज?" मला वाटायचं, त्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी दूध गरम करून दिलं. तांदळाच्या डब्यात फोन खुपसणारी बाई ती हीच का, असा प्रश्न मला पडला.

डॉक्टरांनी खरपूस समाचार घेतला. मनानं बंद करायची नाही, मनानं कमी करायची नाही, झोपेचं मला सांगायचं. मग त्यांनी गोळीचा हिशेब सांगितला. हिचं अर्धायुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, २० ते ४० तास. मी गणिताची, कागद मागून घेतला. सोयीसाठी २४ तास धरले. आजचे साडेसात मिलिग्रॅम, कालचे उरलेले पावणेचार, परवाचे त्याच्या निम्मे, अशी ती भूमिती श्रेढी. दहावीला फक्त अंकगणिती श्रेढी आहे, ही पुढे अकरावीत येते, म्हणून इतकी वर्षं तिच्याशी माझा संबंध आला नव्हता. बेरीज पंधराकडे जाते. म्हणजे गोळी घेते अर्धी आणि अंगात जमते अख्खी.

उपाय दोन झाले. एक, वेळ साडेदहावरून साडेआठवर आणली. याचा परिणाम असा, की साडेनऊला पाहुणे बसलेले असताना मी हातात भाकरीचा तुकडा घेऊन गप्प झाले, तो तुकडा तोंडापर्यंत पोचलाच नाही. दुसरा उपाय ऐकून नवरा पुन्हा बोलला. डॉक्टर म्हणाले, अर्धीची अख्खी करू. काही जणांची गुंगी मात्रा वाढवल्यावर कमी होते, कारण कमी मात्रेत झाकणाचंच काम जास्त चालतं, वाढवली की बाकीची रसायनंही कामाला लागतात. नवरा म्हणाला, "म्हणजे दोन पोळ्यांनी सुस्ती आली तर चार खायच्या?" डॉक्टर या वेळी हसले.

माझ्या बाबतीत फरक पडला. सगळ्यांच्या पडतो असं नाही, आणि कागदावर नाव माझं होतं, तेव्हा कोणी घरी प्रयोग करू नये. आता झाकण आठच्या सुमाराला उघडतं. भूक मात्र वाढली, हाही या गोळीचाच गुण. रात्री नऊला कंदी पेढ्यांचा पुडा कपाटातून मला हाक मारतो. चार किलो वजन वाढलं. पेढे मुलगा खातो असं घरात सगळ्यांचं मत आहे आणि मी ते खोडून काढलेलं नाही.

पहिला तास बदलून मिळावा म्हणून मुख्याध्यापकांकडे अर्ज केला. कारण लिहायचं होतं. पेन हातात घेऊन पाच मिनिटं बसले आणि लिहिलं, थायरॉईड. त्यांनी लगेच सही केली. आता नववी ब ला पहिला तास शारीरिक शिक्षणाचा आहे. पेपर टाकणारा मुलगा मैदानावर झोपू शकत नाही, म्हणून तो माझ्याशी बोलत नाही.

शास्त्राच्या बाईंनी मात्र माझा पिच्छा सोडलेला नाही. त्यांच्या मते माझी गोळीच चुकीची आहे, वेळ तर त्याहून चुकीची, आणि माझे डॉक्टर बदलायलाच हवेत. येत्या रविवारी त्या मला त्यांच्या लॅबमध्ये घेऊन जाणार आहेत, संपूर्ण थायरॉईड तपासायला. उपाशीपोटी, सकाळी साडेसहाला. मी हो म्हणून बसले आहे. त्यांनी विचारलं तेव्हा प्रतिज्ञा चालू होती.