माणसांच्या पगाराचा वेगळा रकाना

रीजनरेशनची, म्हणजे मागे पडलेल्या वस्त्यांच्या पुनर्विकासाची, बैठक म्हटली की भिंतीवर नकाशा आलाच. इथे इंग्लंडमध्ये अशाच एका बैठकीत मी हिंदी दुभाषी म्हणून बसले होते. नवा चौक, नवे दिवे, झाडं, सगळं रंगवून दाखवलं. शेवटी एक आजी मला म्हणाल्या, "दवाखान्यात माझ्यासाठी बोलणारी मुलगी यायची, ती बंद झाली. विचार यांना, ती या नकाशात कुठे आहे?" मी विचारलं. हे या निधीत बसत नाही, असं उत्तर आलं. ते आजींना हिंदीत सांगताना माझी मान खाली गेली.

पूर्वी हे बसत होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. 1966 च्या लोकल गव्हर्नमेंट कायद्यात कलम 11 होतं. कॉमनवेल्थ देशांतून आलेल्या, भाषा आणि चालीरीती वेगळ्या असलेल्या लोकांसाठी कौन्सिलला, म्हणजे स्थानिक पालिकेला, जादा माणसं नेमावी लागली, तर त्यांच्या पगाराचा वाटा केंद्र सरकार उचलायचं. पुढे तो 75 टक्क्यांपर्यंत गेला. कलमात खोट होती. कॉमनवेल्थबाहेरून आलेले निर्वासित त्यात येतच नव्हते, ती चूक दुरुस्त व्हायला 1993 उजाडलं. पण पैसा कशासाठी, हे स्पष्ट होतं: माणसाच्या पगारासाठी.

निधीचा दुसरा प्रवाह 1968 चा. एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं आणि पंधरा दिवसांत त्याच शहरात पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी अर्बन प्रोग्रॅम ही शहरांतल्या गरजू भागांसाठीची निधी योजना जाहीर केली. रोख कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळत होतं, पण कागदावर 'विशेष सामाजिक गरज असलेले भाग' एवढंच. लोकांचं नाव न घेता भागाचं नाव घ्यायचं, ही सरकारी सवय तिथूनच लागली, असं मला दिसतं.

1994 मध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. सिंगल रीजनरेशन बजेट नावाचा एकच पुनर्विकास निधी निघाला, वीस योजना एका थैलीत गेल्या आणि कलम 11 चा निम्म्याहून जास्त पैसाही त्यातच टाकला गेला. आता प्रत्येक भागाने बिड करायची, म्हणजे प्रस्ताव देऊन निधीसाठी स्पर्धा करायची. म्हणजे मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचा पगार आणि रिकाम्या गोदामाची दुरुस्ती एकाच स्पर्धेत! गोदामाचे चौरस मीटर मोजता येतात. एखादी आई पहिल्यांदा स्वतःहून शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलली, हे कुठल्या रकान्यात भरणार?

यावर एक आक्षेप नेहमी येतो: वेगळा निधी दिला की शेजारी चिडतात. मला तो झटकून टाकायचा नाही. 2001 मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या ओल्डहॅम, बर्नली, ब्रॅडफर्डला वांशिक दंगली झाल्या, त्यानंतरच्या सरकारी चौकशीच्या कँटल अहवालाने समांतर जगणाऱ्या वस्त्यांचं वर्णन केलं, आणि गरीब गोऱ्या वस्त्यांमधली उपेक्षाही खरीच आहे. तिथेही पैसा द्या, भरपूर द्या. पण 'सगळ्यांसाठी एकच सेवा' हा त्यावरचा इलाज नव्हे. लंडनमधल्या ईलिंग कौन्सिलने तसं करून पाहिलं. तिथल्या साऊथॉलमध्ये 1979 पासून छळ सोसणाऱ्या आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांसाठी काम करणाऱ्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संस्थेचं अनुदान काढून कौन्सिलच्या सगळ्या हद्दीसाठी एकच संस्था नेमायचं ठरवलं. 2008 मध्ये प्रकरण हायकोर्टात गेलं आणि सुनावणी चालू असतानाच कौन्सिलने माघार घेतली. तरीही न्यायमूर्ती मोझेस यांनी निकाल दिला: विशिष्ट गटासाठीची सेवा समानतेच्या आड येत नाही, उलट कधीकधी समानतेसाठी तीच लागते.

रात्री मारहाण झालेल्या बाईला आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी फोनवर भेटलं, तर त्यात शेजाऱ्याचं काय गेलं?

आमच्या भागाच्या नव्या आराखड्यावर सध्या सूचना मागवल्यात. मी एकच लिहून देणार आहे. दुभाषे, भाषा-शिक्षिका, सल्लागार यांचे पगार बांधकामाच्या खर्चात मिसळू नका, वेगळ्या रकान्यात दाखवा, आणि इमारत उभी राहिली म्हणून ते बंद करू नका. आजींचा प्रश्नही जोडणार आहे, त्यांच्याच शब्दांत.