चॉकलेटच्या कागदावरचा बेडूक

परवा भाचीने चॉकलेटचा कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "मावशी, याच्यावर बेडूक कशाला?" नऊ वर्षांची आहे ती. मी सांगितलं, हा रेनफॉरेस्ट अलायन्स नावाच्या संस्थेचा शिक्का आहे. जंगल राखून आणि शेतातल्या माणसांना नीट वागवून कोको पिकवला असेल तर तो मिळतो. तिने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "म्हणजे ज्यांच्यावर बेडूक नाही, त्यांनी नीट नाही वागवलं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. गेली चारेक वर्षं मी हेच शोधते आहे आणि कधीतरी सविस्तर लिहायचंच होतं. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

माझ्याकडे एका छोट्या बरणीत कोकोच्या वाळवलेल्या बिया आहेत. एका मैत्रिणीने आणून दिल्या. बदामाएवढी बी, वर पातळ ठिसूळ साल. नखाने सोलली की आतला गर चुरत बाहेर येतो. तोंडात टाकला तर कडू, तुरट आणि मागून आंबट. गोडाचा मागमूस नाही. बरणी उघडली की आजही किंचित आंबूस वास येतो, कारण ही बी आंबवलेली असते.

कोकोचं फळ थेट खोडाला लगडतं. ते कोयत्याने तोडतात, कोयत्यानेच फोडतात. आत पांढऱ्या चिकट गरात तीस-चाळीस बिया असतात. त्या हाताने काढायच्या, ढीग घालायचा, केळीच्या पानांनी झाकून पाच-सहा दिवस आंबू द्यायच्या. मग आठवडाभर उन्हात पसरून हलवत राहायचं. चॉकलेटची चव म्हणून आपण जे ओळखतो त्याचा पाया त्या पानांखालच्या ढिगात घातला जातो, कारखान्यात नाही. मग पोती भरायची. एक पोतं साठ किलोच्या वर. यातलं जवळजवळ सगळं काम हातांनी होतं. आता प्रश्न हा, की हात कोणाचे?

जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नॉर्क या संशोधन संस्थेने २०२० साली अहवाल दिला. २०१८-१९ च्या हंगामात या दोन देशांच्या कोको पट्ट्यात सुमारे १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या शेतीत बालमजुरी करत होती. त्यातली जवळपास १४ लाख ८० हजार धोकादायक कामांत होती. धोकादायक म्हणजे कोयता चालवणं, पेलणार नाही इतकं ओझं वाहणं, कीटकनाशकांच्या संपर्कात येणं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आकडा वाचला की डोळ्यांपुढे साखळदंड येतात. आईबापाला शेतात हातभार लावणारं प्रत्येक मूल बालमजूर नसतं. शाळा सुटल्यावर बिया हलवणारी मुलगी वेगळी आणि शाळा सोडून फवारणीचा पंप पाठीवर घेणारा मुलगा वेगळा. शेजारच्या माली आणि बुर्किना फासो या देशांमधून फसवून आणलेली मुलंही आहेत, आणि त्यांची कहाणी सर्वांत भयंकर आहे. पण या लाखो मुलांतली बहुतेक आपल्याच घरच्या शेतात राबतात. बाप क्रूर म्हणून नव्हे. मजूर लावायला बापाकडे पैसे नाहीत म्हणून. हे कळलं त्या दिवसापासून माझा सगळा विचार बदलला. तोवर मी कागदावर "बालमजुरीमुक्त" असे शब्द शोधत होते. आता मी शोधते तो भाव. बियांचा, शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव.

कंपन्यांना हे आज कळतंय असंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडबरी साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून कोको घेत असे. तिथल्या मळ्यांत अंगोलाहून आणलेली माणसं गुलामासारखी राबत होती. १९०१ पासून याच्या बातम्या कंपनीच्या कानावर होत्या. चौकशीला माणूस पाठवला, पोर्तुगीज सरकारशी बोलणी झाली, आणि खरेदी थांबली १९०९ साली. मध्ये आठ वर्षं गेली. हे घराणं गुलामगिरीच्या विरोधात उभं राहणारं, कामगारांसाठी घरं बांधणारं. चांगल्या माणसांनाही आठ वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात कोको येतच राहिला.

मग २००१ साली अमेरिकेत सेनेटर टॉम हार्किन आणि खासदार एलियट एंगल यांनी पुढाकार घेतला आणि बड्या चॉकलेट कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या. कोकोतली सर्वांत वाईट बालमजुरी संपवायची होती, मुदत २००५. ती पुढे ढकलली २००८ वर, मग २०१० वर. नंतर उद्दिष्टच खाली आणलं, २०२० पर्यंत ७० टक्के घट. आणि २०२० साली काय आलं, तर वर सांगितलेला अहवाल. ज्या मुलांसाठी सह्या झाल्या ती तोवर तिशीजवळ पोचली होती. कायद्याचा बडगाही फारसा चालला नाही. मालीतल्या सहा जणांनी, लहानपणी आपल्याला आयव्हरी कोस्टच्या मळ्यांत राबवलं म्हणून, नेस्ले आणि कारगिल या कंपन्यांवर अमेरिकेत खटला भरला. जून २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक असा निर्णय देऊन तो अडवला. कारण असं, की अमेरिकेत घडलेला पुरेसा संबंध दाखवता आला नाही. मळा एका देशात, कचेरी दुसऱ्या देशात, आणि न्याय मधल्या समुद्रात.

आता भावाकडे येते, कारण माझ्या मते सगळी मेख इथे आहे.

आयव्हरी कोस्ट आणि घाना या सरकारांनी २०१९ मध्ये ठरवलं, की २०२०-२१ च्या हंगामापासून खरेदीदारांनी टनामागे ४०० डॉलर जास्त द्यायचे, शेतकऱ्याला जगण्यापुरतं उत्पन्न मिळावं म्हणून. ऐकायला मोठी रक्कम वाटते. मी कागद-पेन घेऊन बसले. शंभर ग्रॅमच्या मिल्क चॉकलेटमध्ये कोको धरा ३० ग्रॅम. साल आणि घट सोडून देऊ. टनाला ४०० डॉलर म्हणजे ३० ग्रॅमला १.२ सेंट. एका अख्ख्या वडीमागे सव्वा सेंटसुद्धा नाही! मी तीनदा गुणाकार करून पाहिला. एवढ्याशा रकमेवरही खरेदीदारांनी घासाघीस केली, दुसऱ्या एका अधिमूल्यात, म्हणजे भावावर द्यायच्या जादा रकमेत, कपात करून ती वळती करून घेतल्याचे आरोप झाले.

२०२४ मध्ये पीक बुडालं आणि जागतिक भाव चढत चढत डिसेंबरात टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला. लोक म्हणाले, आता शेतकऱ्यांची चांदी. पण या दोन्ही देशांत शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामाच्या सुरुवातीला ठरवतं आणि बराचसा माल आधीच विकलेला असतो. त्या हंगामात आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला ठरवून मिळालेला भाव होता किलोला १८०० सीएफए फ्रँक, म्हणजे साधारण तीन डॉलर. टनाला तीन हजार. बाजारात बारा, शेतात तीन. २०२५ संपेपर्यंत बाजारभाव पुन्हा निम्म्यावर आला होता. चढ शेतकऱ्यापर्यंत पोचतो तो उशिरा आणि अर्धामुर्धा.

आता बेडकाकडे परत येऊ. शिक्के निरुपयोगी आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. शिक्का नसलेल्यापेक्षा शिक्का असलेलं चॉकलेट मी कधीही आधी उचलेन. पण कोणता शिक्का काय सांगतो ते माहीत हवं. फेअरट्रेड या दुसऱ्या शिक्क्यात शेतकऱ्याला किमान भाव बांधलेला असतो. ऑक्टोबर २०१९ पासून तो टनाला २४०० डॉलर होता, वर २४० डॉलर अधिमूल्य, आणि ते कशावर खर्च करायचं हे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था ठरवतात. रेनफॉरेस्ट अलायन्समध्ये बाजारभावाच्या वर थोडी रक्कम द्यावी लागते, पण बाजार कोसळला तर खाली टेकू द्यायला किमान भाव नाही. माझ्या हिशोबात फेअरट्रेड म्हणून वर येतं. आणि कंपन्यांचे स्वतःचे कार्यक्रम असतात, हसऱ्या बाईच्या आणि हिरव्या पानाच्या चित्रांचे. आपणच पेपर काढायचा आणि आपणच तपासायचा, त्याला मी गुण देत नाही.

अजून एक गोष्ट, जी मला खूप उशिरा कळली. कागदाच्या मागे बारीक अक्षरात "मास बॅलन्स" असे शब्द असतात. फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून वाचलं तेव्हा दिसले. फेअरट्रेडच्या काही शिक्क्यांशेजारी एक छोटा बाण असतो, त्याचाही रोख तिकडेच. अर्थ असा: एका टाकीत दोन नळांचं पाणी सोडलं. एक नळ प्रमाणित शेतांचा, दुसरा कुठलाही. कंपनीने जेवढा प्रमाणित कोको विकत घेतला, तेवढ्याच मालावर तिला शिक्का मारता येतो. पण तुमच्या हातातल्या वडीत नेमकं कोणतं पाणी आलं, ते कोणी सांगू शकत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. नंतर शांतपणे विचार केला. शेतकऱ्याला पैसा तर पोचला ना? पोचला. मग मी हे मान्य करते. पण ते बारीक अक्षरात का? ठळक छापा, मी तरीही घेईन.

टोनीज चोकोलोनली नावाची एक डच कंपनी आहे. एका पत्रकाराच्या शोधमोहिमेतून २००५ मध्ये जन्मली. त्यांच्या वडीचे तुकडे मुद्दाम वेडेवाकडे, लहानमोठे पाडलेले असतात, कारण या धंद्यातली वाटणी तशी आहे. २०२१ मध्ये गुलामीमुक्त चॉकलेटच्या एका यादीतून त्यांचं नाव काढलं गेलं. त्यांचं चॉकलेट बॅरी कॅलेबो या प्रचंड कंपनीच्या कारखान्यात बनतं म्हणून. आमच्या बिया तिथे वेगळ्या ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. टोनीज आपल्याच पुरवठादार संस्थांमध्ये बालमजुरीची किती प्रकरणं सापडली तो आकडा दरवर्षी छापते. काही जणांना त्यात कबुली दिसते. मला त्यात खरेपणा दिसतो. ज्या भागात लाखो मुलं राबतात तिथून हजारो टन माल घेऊन "आमच्याकडे एकही प्रकरण नाही" म्हणणारी कंपनी एक तर शोधत नाही किंवा सांगत नाही. सापडलं, मोजलं, पुढे हे केलं, असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवेन. अमेरिकेतली टाझा ही छोटी कंपनी तर कोणाकडून घेतलं आणि टनाला काय भाव दिला ते अहवालात छापत आली आहे. मला हवं ते नेमकं हेच.

काही जण म्हणतील, मग चॉकलेट सोडूनच द्या. मीही वर्षभर सोडलं होतं. त्याने मला बरं वाटलं, पण शेतकऱ्याचं काय भलं झालं? कोको लावून फळ धरायला तीन ते पाच वर्षं लागतात. ज्याची जमीन आणि आयुष्य त्यात अडकलंय, त्याला मागणी घटली तर अजून कमी भाव मिळेल, आणि पोराची शाळा आणखी लवकर सुटेल. मला त्याच्या मालाला गिऱ्हाईक राहायचंय, भाव देणारं गिऱ्हाईक.

परवडण्याचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकणार नाही. नीट भाव देणारं चॉकलेट महाग असतं. ज्या घरात महिन्याचा मेळ बसताना दमछाक होते, तिथल्या आईने मुलाला साधं चॉकलेट दिलं तर तिला बोल लावायचा अधिकार कोणालाही नाही. मी फक्त माझ्यासारख्यांशी बोलते आहे, ज्यांना जमतं पण पाहिलं जात नाही. आमच्या घरी आता चॉकलेट आधीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं येतं. खर्च साधारण तेवढाच. भाचीला एक तुकडा मिळतो. ती तो चघळत बसते, पूर्वी चावून गिळायची.

आणि मी पत्रं लिहिते. ज्या कंपनीचं चॉकलेट घरी येतं तिला दोनच प्रश्न विचारते: कोको कोणत्या देशातल्या कोणत्या सहकारी संस्थांकडून येतो? गेल्या हंगामात शेतकऱ्याला टनामागे किती मिळाले? एका मोठ्या कंपनीने तीन आठवड्यांनी दोन पानी उत्तर पाठवलं. "शाश्वत" हा शब्द त्यात अकरा वेळा होता, भावाचा आकडा एकदाही नव्हता. दुसरीने फक्त पोच दिली. तिसरी अगदी छोटी, तिच्या मालकिणीने स्वतः लिहिलं, संस्थेचं नाव दिलं, भाव दिला, आणि "हा अजूनही कमी आहे, पुढच्या वर्षी वाढवतोय" असंही लिहिलं. तिचं चॉकलेट आता आमच्याकडे असतं.

भाचीला मी शेवटी बरणीतली एक बी सोलून दिली. चाखून तोंड वाकडं केलं तिने. मग विचारलं, "हे तोडणाऱ्या मुलांना चॉकलेट मिळतं का?" मी खरं तेच सांगितलं, बहुतेकांना नाही. ती बराच वेळ बी बोटांत फिरवत होती. काल रात्री तिच्याजवळ बसून बेडूकवाल्या कंपनीला पत्र लिहिलं. दोन प्रश्न माझे, तिसरा तिचा, तिच्याच शब्दांत. उत्तर आलं की इथेच टाकते.