कान फसतो: ‘नर्सला संशोधन कशाला?’ या मेसेजला उत्तर

‘खरी नर्स वॉर्डात घडते, कागदावर नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज नर्सिंगच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तिसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाचीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पटतंय ना?’ नाही पटत. आणि ती उद्या याच्या भरवशावर पेशंटजवळ उभी राहणार असेल, तर गप्प बसणंही जमणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या नाइटिंगेल बाईंनी कुठलं संशोधन वाचलं होतं? दोन, राइल्स ट्यूब (नाकातून जठरात घातलेली, अन्न देण्याची नळी) पोटात आहे की नाही हे हवा मारून स्टेथोने ऐकलं की कळतं, पीएच पट्टी (आम्लता मोजणारा कागद) आणि एक्स-रे हे खर्चाचं खूळ. तीन, लाल झालेल्या पाठीला स्पिरिट-पावडर लावून चोळलं की बेडसोअर (पडून राहिल्याने दाबामुळे होणारी जखम) होत नाही. चार, कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घातलेली बारीक नळी) तीन दिवस झाले की बदलायचीच. पाच, संशोधन रोज बदलतं, अनुभव बदलत नाही. म्हणून शंका आली की सीनियरला विचारा, पेपर वाचू नका.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण त्याने माणूस मरतो.

सिरिंजने ट्यूबमध्ये हवा मारायची, पोटाच्या वरच्या भागावर स्टेथो ठेवायचा, ‘गुडगुड’ ऐकू आली की फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, सुरू. ही पद्धत पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. अडचण अशी की ट्यूब उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या श्वासनलिकेत गेलेली असली, किंवा अन्ननलिकेतच अडकलेली असली, तरी तोच आवाज पोटावर ऐकू येतो. फुफ्फुसाचा तळ आणि जठर यांच्यामध्ये फक्त श्वासपटलाचा पातळ पडदा आहे, आवाज त्याला थांबत नाही. वीस वर्षं ड्युटी केलेल्या कानालाही हे दोन आवाज वेगळे ओळखता येत नाहीत. हा कानाचा दोष नाही, आवाजातच तो फरक नाही. ‘खोकला आला नाही म्हणजे पोटातच आहे’ हेही तसंच. बेशुद्ध किंवा गिळण्याची शक्ती कमी झालेल्या पेशंटला ट्यूब श्वासनलिकेत गेली तरी खोकला येईलच असं नाही. ट्यूबचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं, साधा लिटमस कागद वापरणं, यांवरही विसंबता येत नाही. लिटमस फक्त आम्ल आहे एवढंच सांगतो, किती आहे ते सांगत नाही.

ब्रिटनच्या नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने 2005 मध्ये याच कारणाने सूचना काढली आणि 2011 मध्ये ती आणखी कडक केली: हवा मारून ऐकण्याची पद्धत वापरू नका. ही सूचना कुठल्या प्रबंधातून आलेली नाही. फुफ्फुसात गेलेल्या ट्यूबमधून फीड दिलं गेलं, माणसं दगावली, त्यांच्या नोंदी एकत्र केल्या, त्यातून ती आली. प्रत्येक नोंदीमागे एक वॉर्ड होता.

मग करायचं काय? ट्यूब घालण्याआधी नाकाचं टोक, तिथून कानाची पाळी, तिथून छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक असं माप घ्या. ट्यूब बसली की नाकपुडीशी किती सेंटिमीटरची खूण आली ते लिहून ठेवा. सिरिंजने थोडा द्राव ओढा आणि पीएच पट्टीवर टाका. 5.5 किंवा कमी आला, तर फीड देता येतं. त्याहून जास्त आला, तर नाही. जठरातलं आम्ल कमी करणारी औषधं चालू असतील तर ट्यूब पोटात असूनही पीएच वर जातो, म्हणून तिथे एक्स-रे लागतो. आणि खात्री होण्याआधी ट्यूबमध्ये पाणीसुद्धा घालायचं नाही. काही ट्यूबच्या आत वंगण असतं, पाण्याने ते सुटतं आणि ट्यूब भलत्या जागी असतानाही पट्टी आम्ल दाखवू शकते. ‘पाणी घालून बघू, जातंय का’ ही सवय इथेच घात करते.

द्रावच आला नाही तर? पेशंटला डाव्या कुशीवर वळवा. मोठ्या माणसाच्या ट्यूबमध्ये 10 ते 20 मिली हवा सोडा, 15 ते 30 मिनिटं थांबा, परत ओढा. हवा इथेही वापरतोच, पण ऐकायला नाही. जठराच्या भिंतीला चिकटलेलं टोक सुटावं म्हणून. तरीही आला नाही तर ट्यूब 10 ते 20 सेंटिमीटर आत किंवा बाहेर सरकवून पुन्हा बघा, नाहीतर एक्स-रे. एक्स-रेमध्ये ट्यूब श्वासनलिका जिथे दुभागते ती जागा मधोमध ओलांडून सरळ खाली आली पाहिजे, पडदा मध्यरेषेवर पार केला पाहिजे आणि टोक पडद्याच्या डाव्या बाजूखाली दिसलं पाहिजे. एकदा तपासलं म्हणून मोकळं होता येत नाही. प्रत्येक फीडच्या आधी, आणि उलटी किंवा जोराचा खोकला झाला की लगेच, खूण आणि पीएच पुन्हा बघायचे.

पट्ट्यांचा खर्च ज्यांना खूळ वाटतो, त्यांनी फुफ्फुसात 200 मिली फीड गेलेला पेशंट डोळ्यांसमोर आणावा.

आता पाठ चोळण्याबद्दल. लाल जागेवर बोट तीन सेकंद दाबून उचला. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली, तर रक्त अजून वाहतंय. लालच राहिली, तर तो पहिल्या टप्प्याचा बेडसोअर आहे, म्हणजे कातडीखाली इजा आधीच झाली आहे. (सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या कातडीशी ताडून ऊब, कडकपणा आणि दुखणं बघा.) अशी जागा चोळणं म्हणजे दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी फाडणं. स्पिरिट कातडी कोरडी करतं. आणि पेशंटच्या बुडाखाली देतात ती रबरी रिंग! तिच्या कडेवर दाब वाढतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. बेडसोअरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून 2019 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये धोका असलेली कातडी न चोळण्याबद्दल आणि रिंग न वापरण्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. उपयोग होतो तो या गोष्टींचा: कुशीवर पूर्ण नव्वद अंशांत नाही तर 30 अंशांत कलतं ठेवणं, पोटरीखाली उशी देऊन टाच गादीपासून अधांतरी ठेवणं, पेशंटला ओढायचं नाही तर दोघींनी चादरीसकट उचलून सरकवायचं, आणि डोक्याकडची बाजू शक्य असेल तिथे 30 अंशांच्या वर न नेणं, कारण माणूस घसरतो आणि कंबरेखालची कातडी आतून ताणली जाते.

इथे मेसेजवाल्यांचं एक अर्धं खरं आहे, ते मान्य करते. बेडसोअर टाळायला शिकवला जाणारा ‘दर दोन तासांनी कूस बदला’ हा आकडाही दगडावरची रेघ नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये झालेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदललेल्या गटांमध्ये बेडसोअरच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. पण ती सगळी माणसं दाट फोमच्या गादीवर होती. साध्या कापसाच्या गादीवरच्या पेशंटला हा निष्कर्ष चिकटवून चार तास झोपू देणं म्हणजे संशोधन अर्धवट वाचणं.

कॅन्युलाचा मुद्दा. ऑस्ट्रेलियात क्लेअर रिकार्ड आणि सहकाऱ्यांनी 3283 पेशंटवर केलेली चाचणी 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटात कॅन्युला दर तिसऱ्या दिवशी बदलली, दुसऱ्यात गरज पडली तरच. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे 7 टक्केच. म्हणजे चांगली चाललेली कॅन्युला काढून पुन्हा टोचण्याने त्या त्रासातून सुटका झाली नाही. (रिकार्ड स्वतः नर्स आहेत. ‘संशोधन वॉर्डाबाहेरचे लोक करतात’ हे वाक्यही त्या मेसेजमध्ये आहे, म्हणून सांगितलं.) नंतरच्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) एवढं दिसलं की नेमाने बदलल्यास सलाईन बाहेर झिरपणं आणि कॅन्युला तुंबणं बहुधा थोडं कमी होतं. तेही लक्षात ठेवा. पण ‘गरज पडली तर’चा अर्थ ‘बघायचं नाही’ असा नाही. निदान प्रत्येक शिफ्टला जागा उघडी दिसली पाहिजे, दुखणं, लाली, सूज, दोरीसारखी कडक शीर यांपैकी काहीही असेल तर कॅन्युला काढायची. आणि धावपळीत निर्जंतुकीकरण नीट न पाळता घातलेली असेल, तर 48 तासांच्या आत बदलायची. जिथे दर शिफ्टला बघितलंच जात नाही, तिथे हा अभ्यास दाखवून कॅन्युला आठवडाभर ठेवू नये.

नाइटिंगेल बाईंबद्दल फार लिहीत नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी आकडे जमवून, महिन्यामहिन्याच्या रंगीत आकृत्या काढून 1858 मध्ये मांडलं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं, पहिली स्त्री म्हणून. संशोधनाच्या विरोधात उभं करायला याहून चुकीचं नाव सापडलं नसतं.

‘संशोधन बदलतं’ हे मात्र खरं आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं तोंड क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसा, असं वर्षानुवर्षं शिकवलं. 2022 मध्ये अमेरिकेतल्या संसर्ग-नियंत्रण संघटनांच्या सूचनांनी ते नको म्हटलं: ब्रशने दात घासा, क्लोरहेक्सिडिन वगळा. ज्यांनी पहिलं शिकलं त्यांची चिडचिड समजते. पण चूक सापडली म्हणून पद्धत बदलली. हवा मारून ऐकण्यातली चूक नुसत्या अनुभवाला इतकी वर्षं सापडली नव्हती, कारण बहुतेक वेळा ट्यूब पोटातच असते आणि कान बरोबर ठरल्यासारखं वाटतं.

सीनियरला विचारा, हे अगदी मान्य. थरथरत्या म्हाताऱ्या हातावर शीर कुठे मिळेल, घाबरलेला पेशंट ट्यूब गिळायला कसा तयार होईल, हे पेपरात मिळत नाही, त्यांच्याकडेच मिळतं. तर भाचीबाई, उद्या हँडओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या ड्युटीकडून पेशंट ताब्यात घेताना, त्यांना हे विचार: ट्यूबची खूण किती सेंटिमीटरवर आहे आणि शेवटचा पीएच किती आला? कॅन्युला कुठल्या तारखेची, आणि घाईत घातलेली का? चादर उचलून टाचा दाखवाल का? आणि खुणेचा आकडा चार्टवर नसेल, तर फीड हातात घेण्याआधी द्राव ओढून पट्टी लाव.